शाल, श्रीफळ आणि रात्रपाळी

पुण्या-मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातींचं एक ठरलेलं पान असतं. भाड्याने जागा, वधू-वर, जुनं फर्निचर आणि त्यातच कुठेतरी ‘पेशंट सांभाळायला मावशी, मामा मिळतील, १२ तास, २४ तास, अनुभवी व खात्रीशीर’. खाली ब्युरोचा मोबाईल नंबर. अलीकडे हीच ओळ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. आजोबांना पॅरालिसिसचा झटका आला, आजींचं खुब्याचं हाड मोडलं, की डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी हा नंबर लावतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक अनोळखी बाई पिशवीत डबा आणि बदलायची साडी घेऊन दारात हजर होते. त्या क्षणापासून घरातल्या सर्वांत नाजूक माणसाचा दिवस तिच्या हाती जातो.

ही गरज वाढतच जाणार आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसं सुमारे १० कोटी ४० लाख होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०२२मध्ये ती १४ कोटी ९० लाखांवर गेली आणि २०५०पर्यंत ती ३४ कोटी ७० लाख होतील, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक. दुसरीकडे मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, आणि हॉस्पिटलचं बिल असं की चार दिवस लवकर घरी आणलेलं बरं. अतिदक्षता विभागातली अर्धी कामं त्यामुळे हल्ली दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये होतात.

ती कामं करतं कोण? बहुतेक घरांत अजून सून, मुलगी किंवा बायकोच. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची शुश्रूषा आणि देखभाल करताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. त्या स्त्रिया या कामाला दिवसाची सरासरी १४० मिनिटं देत होत्या आणि पुरुष ७४. घरातल्या बाईला हे झेपेनासं झालं की मग ब्युरोची मावशी येते. ती आणि घरची सून यांच्यात काम तेच असतं; एकीला पैसे मिळतात, एकीला नाही, आणि निर्णयाचा हक्क सहसा दोघींनाही नसतो.

या क्षेत्रातल्या नेतृत्वाची चर्चा होते तेव्हा मात्र नावं निघतात कंपन्यांच्या संस्थापकांची. २०१३मध्ये बंगळुरूत पोर्टिया सुरू झाली, त्याच्या आगेमागे आणखी काही कंपन्या आल्या, घरपोच नर्सिंग हा धंदा म्हणून नावारूपाला आला. परिषदा होतात, पारितोषिकं वाटली जातात. त्यात वावगं काही नाही. पांगलेल्या धंद्याला शिस्त लावणं हेही काम आहेच. पण नेतृत्व म्हणजे दुसऱ्याच्या भल्यासाठी वेळेवर निर्णय घेणं असेल, तर ते पाहायला हॉटेलातल्या परिषदेत नाही, रात्रपाळीला जावं लागेल.

रात्री आठला पाळी बदलते. दिवसपाळीची बाई जाताना तोंडी सांगते: दुपारी संडास झाली, पाणी कमी गेलं, डाव्या टाचेला लाल दिसतंय. रात्रीची बाई आधी युरिन बॅग बघते, मग नाकातून पोटात गेलेल्या नळीची पट्टी. फीड द्यायच्या आधी पलंगाचं डोकं वर घेते. सिरिंजने ओढून नळी जागेवर आहे ना ते पाहते. मगच मिक्सरमधून काढलेलं, गाळलेलं पातळ जेवण हळूहळू सोडते. लगेच आडवं केलं तर ते फुप्फुसात जायची भीती, म्हणून अर्धा तास तसंच बसतं ठेवते. त्यानंतर दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाडावरची, टाचेवरची, खांद्यावरची कातडी बोटाने दाबून पाहायची. लाली गेली तर ठीक, तशीच राहिली तर बेडसोरची सुरुवात. पहाटे चारला तिच्या लक्षात येतं की बॅगेत मध्यरात्रीपासून काहीच जमलेलं नाही आणि आजोबा हाक मारली तर नेहमीसारखे डोळे उघडत नाहीत. घरातले झोपलेत. कॅथेटर तुंबलाय, की आजार वाढलाय? कुणाला उठवायचं? उगाच उठवलं तर ‘मावशी फार घाबरट आहेत’ म्हणून ब्युरोकडे तक्रार, नाही उठवलं तर माणूस हातचा जायचा. हा निर्णय घेणाऱ्या बाईला त्यासाठीचं शिक्षण कुणी दिलेलं नसतं. पहाटे चारला तो घेतला म्हणून सकाळी डॉक्टर तिचं नावही विचारत नाहीत. ‘बरं झालं वेळेत आणलंत’ हे वाक्य मुलाला ऐकवलं जातं.

ब्युरोचं गणित साधं आहे. घरचे पैसे ब्युरोला देतात, ब्युरो आपला वाटा कापून बाईला देतो. काही ठिकाणी घरचे बाईलाच देतात आणि ब्युरो दर महिन्याला कमिशन उचलतो. एक बाई पटली नाही तर ‘रिप्लेसमेंट’. खाडा झाला तर पैसे कापायचे, बदली बाई तिनेच द्यायची. पेशंट गेला की त्या दिवसापासून काम बंद. दोन-तीन वर्षं ज्याचं अंग पुसलं त्याच्या तेराव्याला तिला बोलावणं येतं, जाताना एक साडी मिळते आणि पुढच्या घरी ती पुन्हा ‘नवीन बाई’ असते. या कामात वरची पायरीच नाही. दहा वर्षांच्या अनुभवाची बाई आणि गेल्या आठवड्यात गावाहून आलेली बाई यांच्या दरात फार तर थोडा फरक. अनुभव कागदावर नाही, म्हणून तो बाजारात नाही.

महाराष्ट्रात हे दुखणं जुनं आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढे तिथल्या मुलींना ससून हॉस्पिटलमध्ये परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं, तेव्हा परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचं काम ‘चांगल्या घरच्या’ बाईचं नाही, अशी समाजाची ठाम समजूत होती. ती मोडायला पदवी, नोंदणी, गणवेश आणि पगारपत्रक लागलं. परिचारिका त्यातून वर आली. घरी जाऊन तेच काम करणारी बाई खालीच राहिली. १९७३पासून केंद्र सरकार दर वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देतं. राष्ट्रपतींच्या हस्ते तो नोंदणीकृत परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि आरोग्य सेविकांना मिळतो. घरोघरच्या मावश्या त्या यादीत कुठून येणार, त्यांची नोंदणीच नाही.

दारात जाऊन आरोग्य देण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रयोग गडचिरोलीत झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५मध्ये गावागावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवायला घेतली. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटलं गेलं. बाळ जन्मलं की आरोग्यदूत घरी जायची, वजन करायची, ऊब द्यायची, श्वास मोजायची. श्वास मोजण्यासाठी याआधीच संस्थेने वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं एक साधं यंत्र केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनिया. मोजता न येणाऱ्या दाईलाही ते वापरता यायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेन्टामायसिनचं इंजेक्शनही आरोग्यदूतच द्यायची. डॉक्टरी व्यवसायातल्या अनेकांना हे भलतंच वाटलं.

१९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. ३९ गावांत हा प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे साठच्या आसपास नवजात बाळं दगावत होती, तर प्रयोगाच्या गावांत २५. सगळा हिशेब धरता नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. बंग दांपत्याला २०१८मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. मात्र पद्मश्रीहूनही मोठं श्रेय या प्रयोगाकडे जातं ते एका गोष्टीसाठी. गावातल्या बाईला बाळाशेजारी निर्णय घेऊ देणं, त्यासाठी तिला शिकवणं आणि तिच्या नोंदी पुरावा म्हणून जगापुढे मांडणं, हे तिथे झालं.

पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. २०११मध्ये केंद्राने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर लागू केला आणि तो आशा कार्यकर्त्यांवर सोपवला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. इंजेक्शन मात्र गाळलं गेलं. २०१४मध्ये जेन्टामायसिनची परवानगी मिळाली ती एएनएमना. गडचिरोलीतून भेटींचं वेळापत्रक उचललं, तपासणीचे तक्ते उचलले. अधिकार तेवढा वगळला. आशा गेली, तिने ओळखलं, आणि मग रेफरची चिठ्ठी लिहिली. रस्ता, गाडी आणि पैसे असतील तर बाळ पोचतं.

आशा ही योजना २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. देशभरात दहा लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात सुमारे ७० हजार बायका हे काम करतात. सरकारच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन. कोविडच्या काळात २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन दारोदार फिरल्या. लोकांनी दारं लावून घेतली, काही ठिकाणी शिव्याही खाव्या लागल्या. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातल्या तमाम आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर केला. पुरस्काराच्या नावातच नेतृत्व होतं. पंतप्रधानांनी अभिनंदन केलं. गावोगावी सत्कार झाले, शाली आल्या, नारळ आले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत, २०२३च्या ऑक्टोबरात, महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. सरकारने वाढ जाहीर केली, शासननिर्णय निघेना. जानेवारी २०२४मध्ये पुन्हा संप, मग आझाद मैदानावर मुक्काम. रात्री मैदानात, दिवसा भाषणं, घोषणा, कुणाची मुलं सासूकडे, कुणाची शेजारी. अखेर मार्च २०२४मध्ये आशांच्या राज्याच्या मानधनात ५ हजार रुपयांची वाढ देणारा शासननिर्णय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने जे दिलं नाही ते मैदानातल्या मुक्कामाने दिलं, आणि हे नेतृत्व त्याच बायकांमधून उभं राहिलेलं होतं.

यातली गटप्रवर्तक ही वीस-पंचवीस आशांची प्रमुख. त्यांना शिकवणं, त्यांच्या नोंदी तपासणं, अवघड घरी त्यांच्याबरोबर जाणं हे तिचं काम. घरपोच आरोग्यसेवेत सरकारने औपचारिकपणे निर्माण केलेली नेतृत्वाची ही एक जागा. तिला केंद्राकडून मोबदला कसा मिळतो? पर्यवेक्षण-भेटींवर. २०१८च्या निर्णयानुसार भेटीमागे ३०० रुपये, महिन्याला साधारण २० भेटी. म्हणजे नेतृत्वाचा पगार नाही, दौऱ्याचा भत्ता आहे. त्यातूनच एसटीचं भाडं, स्कूटीचं पेट्रोल आणि झेरॉक्स. ज्या व्यवस्थेत वर चढलेल्या बाईला जेमतेम प्रवासखर्च मिळतो, तिथे खालच्या बाईने वर चढायचं कशासाठी, हा प्रश्न गटप्रवर्तकांच्या संघटना सतत विचारत आल्या आहेत.

आशांना कामगार माना, ही शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३मध्ये केली आणि २०१५मध्ये पुन्हा तिचा उच्चार केला. अंगणवाडीच्या बाबतीत न्यायालय पुढे गेलं: एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं. आशांच्या वाट्याला तसा निकाल आलेला नाही.

केरळने वेगळ्या बाजूने सुरुवात केली. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचा दवाखाना काढला. लवकरच लक्षात आलं की अंथरुणाला खिळलेला माणूस दवाखान्यात येऊच शकत नाही. मग १९९९-२०००च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात गल्लीतलीच माणसं, शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी, थोडं शिक्षण घेऊन शेजारच्या रुग्णाच्या घरी जाऊ लागली. पैसे गावातूनच जमले. २००८मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, देशातलं पहिलं, आणि घरपोच सेवेची जबाबदारी ग्रामपंचायतींवर टाकली. या व्यवस्थेत गाडीतून उतरून घरात शिरते ती नर्स. जखम धुते, कॅथेटर बदलते, नव्याने काय हवं ते ठरवते, डॉक्टर गरजेप्रमाणे. पंचायतीच्या अंदाजपत्रकात तिच्या कामाला ओळ आहे. मान्यता हा शब्द वापरायचाच तर ती अंदाजपत्रकातली ओळ पहिली मोजावी.

महाराष्ट्रात हे तुकड्यातुकड्यांनी झालं. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये शांती अवेदना सदन निघालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं शुश्रूषागृह. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं केंद्र कर्करुग्णांची मोफत काळजी घेतं आणि त्यांचं पथक घरीही जातं. टाटा हॉस्पिटलची गृहसेवा आहे. चांगल्या संस्था, पण शहरांपुरत्या आणि देणग्यांवर उभ्या. पंचायतीच्या जमाखर्चात आलेली गोष्ट सरकार बदललं तरी सहसा टिकते, देणगीवरची गोष्ट देणगीदारावर अवलंबून.

परदेशातल्या दोन उदाहरणांजवळ थोडं थांबायला हवं, कारण तिथे नेतृत्वाचा प्रश्न थेट सोडवायचा प्रयत्न झाला. नेदरलँड्समध्ये गेल्या शतकाच्या शेवटी घरपोच नर्सिंगचे तुकडे पाडले गेले: अंघोळीला इतकी मिनिटं, पट्टी बदलायला इतकी, पायमोजे घालायला इतकी. एका आजीकडे आठवड्यात डझनभर वेगवेगळी माणसं यायची. यॉस द बलॉक हा स्वतः परिचारक, नंतर याच व्यवस्थेत व्यवस्थापक झालेला. तो वैतागून बाहेर पडला आणि २००६मध्ये चार जणांना घेऊन ‘ब्यूर्टझॉर्ग’ काढली. जास्तीत जास्त बारा नर्सेसचा गट, त्यांच्यावर साहेब नाही. कुणाकडे कोण जाणार, कुणाला नोकरीवर घ्यायचं, शेजाऱ्याची मदत कशी मिळवायची, सगळं गट ठरवतो. अडलं तर सल्लागार आहे, त्याला हुकूम सोडायचा अधिकार नाही. रुग्णाला लवकर स्वतःच्या पायावर उभं करण्यावर भर असल्याने लागणारे तास घटले. संस्था दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची झाली आणि देशातली सर्वोत्तम नोकरी देणारी संस्था म्हणून अनेकदा निवडली गेली. मुख्य कार्यालयात मात्र मोजकीच माणसं. हा नमुना जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. तिथे सगळ्या शिकलेल्या नर्सेस आहेत आणि विमा पैसे भरतो. पण एका गल्लीतल्या आठ-दहा मावश्यांनी मिळून वीस घरं सांभाळायची, आपसांत पाळ्या लावायच्या, सुट्ट्या वाटून घ्यायच्या, यात अशक्य काय आहे?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हे जवळजवळ असंच झालं आहे, आणि तेही गरीब, कमी शिकलेल्या, बहुतांश काळ्या आणि लॅटिन अमेरिकी स्त्रियांनी केलं. १९८५मध्ये तिथे घरपोच सेवा देणाऱ्या बायकांची सहकारी संस्था निघाली, कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स. शिक्षण फुकट, त्यानंतर पक्की नोकरी, आणि हजार डॉलरचा भाग पगारातून थोडा थोडा कापून घेऊन मालकी. संचालक मंडळात बहुमत कामगारांचं. सुमारे दोन हजार माणसांची ही संस्था अमेरिकेतली सर्वांत मोठी कामगार-सहकारी संस्था मानली जाते. सहकाराचं माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात साखर, दूध, सूत, पतपेढी, सगळ्यांची सहकारी संस्था झाली. रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या संस्थेचं तसं ठसठशीत उदाहरण अजून उभं राहिलेलं नाही, याचं नवल वाटायला हवं.

अमेरिकेचीच दुसरी बाजूही आहे. तिथल्या किमान वेतन कायद्याच्या १९७४च्या दुरुस्तीत ‘सोबत करणाऱ्यांना’ वगळलं गेलं. जमैकाहून आलेल्या इव्हलिन कोक यांनी वर्षानुवर्षं न्यूयॉर्कात वृद्धांची सेवा केली, जादा तासांचे पैसे मागितले आणि त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००७मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. २००९मध्ये त्या वारल्या. नियम बदलला २०१३मध्ये, लागू झाला २०१५मध्ये. आणि जुलै २०२५मध्ये तिथल्या श्रम खात्याने तो पुन्हा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. मिळालेली मान्यता परतही घेतली जाऊ शकते.

महाराष्ट्रात कायद्याची परंपरा समृद्ध आहे, म्हणूनच इथली उणीव जास्त खुपते. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला: नोंदणी मंडळाकडे, पैसे मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, उपचार. १९८१मध्ये त्याच धर्तीवर खासगी सुरक्षारक्षकांचा कायदा आला. सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्या रक्षकासाठी मंडळ आहे. त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर रात्रभर जागणाऱ्या बाईसाठी तसं मंडळ नाही. पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यांची संघटना झाली आणि अठ्ठावीस वर्षांनी, २००८मध्ये, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. तो कल्याणाचा कायदा आहे. प्रसूतीला मदत, अंत्यविधीला मदत, पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगाराला १० हजार रुपये सन्मानधन. वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी यांच्या वाटेला तो जात नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा करार भारताने अजून मंजूर केलेला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं.

प्रशिक्षणाचं काय? कौशल्य विकास योजनेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ हे अभ्यासक्रम आहेत, आणि आधीच काम येत असलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. कल्पना चांगली. पण प्रमाणपत्राला बाजारात वेगळा दर मिळत नसेल तर बारा तासांची ड्युटी सोडून परीक्षेला कोण जाईल? प्रमाणपत्र असलेल्या बाईला ठरावीक जास्त पैसे द्यायचे असं ब्युरोंना बांधून घेतल्याशिवाय तो कागद ट्रंकेतच राहणार. परदेशांनी मात्र त्याची किंमत ओळखली आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याबरोबर महाराष्ट्राने २०२४च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात आरोग्यसेवेतली माणसंही आहेत. स्टुटगार्टच्या आजोबांसाठी जर्मन भाषेसकट प्रशिक्षण, आणि सांगलीच्या आजोबांसाठी ब्युरोची वही, अशी ही विभागणी आहे.

सत्कार नकोत असं कुणी म्हणणार नाही. केलेल्या कामाची चारचौघांत दखल घेतली जावी ही भूक खरी असते आणि या कामात ती क्वचितच भागते. प्रश्न एवढाच की मान्यतेची दुसरी रूपं सत्काराच्या आड लपवली जाऊ नयेत. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं रूप एका वेगळ्याच प्रकरणात दिसलं होतं. केईएम हॉस्पिटलच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, १८ मे २०१५ रोजी गेल्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११मध्ये दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा रुग्णाच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा, हे न्यायालयाला ठरवावं लागलं. न्यायालयाने तो दयामरणासाठी अर्ज करणाऱ्या लेखिकेला दिला नाही. रोज हाताने भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. सेवेचं कौतुकही निकालपत्रात आहे, पण तिथे कौतुकापुढे एक पाऊल पडलं: सांभाळणाऱ्याचं म्हणणं निर्णायक मानलं गेलं.

घराघरांत याची छोटी आवृत्ती सहज शक्य आहे. डॉक्टर घरी आले की ते मुलाशी बोलतात, मुलगा सांगतो ‘ठीक आहेत’, आणि रात्रभर जागलेली बाई पाण्याचा ग्लास घेऊन दाराशी उभी असते. तिला समोर बसवून विचारलं तर लघवी किती झाली, कुठे दुखतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सगळं तारीखवार कळतं. एक साधी वही, तारीख-वेळेचे रकाने आणि त्यावर तिची सही, एवढ्यानेही तिचं म्हणणं कागदावर येतं.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. नर्सला हॉस्पिटल सोडताना अनुभवाचा दाखला मिळतो. घरी सांभाळणाऱ्या बाईला तो देणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. तिचं काम तुमच्या घरी संपेल त्या दिवशी साडीबरोबर एक पानही द्या. तिचं पूर्ण नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला आजार, ती काय काय करत होती (नळीने भरवणं, कॅथेटरची निगा, कूस बदलणं, साखर तपासणं, इन्सुलिन), आणि खाली तुमची सही व फोन नंबर. पुढच्या घरी दर ठरवताना ते पान तिला दाखवता येईल.